टॉवर हिल ते ग्रेनिच: लंडनच्या गोद्यांमधून नदीकाठाने, वाट न चुकता

टेम्सच्या काठाकाठाने चालत जायचं, यात चुकण्यासारखं काय आहे? असं म्हणून निघालेली बरीच मंडळी तासाभरात ‘द हायवे’ नावाच्या रस्त्यावर ट्रकांचा धूर खात उभी असतात. नदी दोनशे मीटरवर असते, पण दिसत नाही. मॅपने जवळचा रस्ता दाखवला आणि ते त्या रस्त्याने गेले, एवढंच घडलेलं असतं. पूर्व लंडनमध्ये नदीकाठची वाट सलग नाही. कधी ती इमारतीमागून जाते, कधी रस्त्यावर येते, कधी गोदीच्या तोंडावरचा छोटा पूल ओलांडते. कुठे वळायचं हे आधी ठाऊक असेल, तर अख्खी वाट अर्ध्या दिवसात आरामात होते.

टॉवर हिलपासून सुरुवात, मग सेंट कॅथरिन डॉक्स, वॉपिंग, शॅडवेल बेसिन, लाइमहाउस, कॅनरी वॉर्फ आणि आइल ऑफ डॉग्ज. शेवटी नदीखालच्या पादचारी बोगद्यातून ग्रेनिच. एकूण अंतर साधारण 9 किलोमीटर. नुसतं चालायला सव्वादोन ते अडीच तास लागतात. थांबत, फोटो काढत गेलात तर चार तास, आणि भारतातून आलेले आई-बाबा सोबत असतील तर पाच तास धरा.

निघण्याआधीची तयारी

1. दिशा पश्चिमेकडून पूर्वेकडेच ठेवा. लंडनमध्ये वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून किंवा पश्चिमेकडून येतो, त्यामुळे पूर्वेकडे चालताना तो पाठीशी राहतो. उलट दिशेने निघालात तर नदीवरचा गार वारा निम्मा वेळ तोंडावर घ्यावा लागतो. दुसरी सोय अशी की ग्रेनिचला खायला, बसायला आणि शौचालयाला जागा आहेत. वॉपिंगला यातलं फारसं काही नाही, म्हणून दमलेल्या पायांचा मुक्काम ग्रेनिचलाच बरा.

2. अंधाराचा हिशोब करा. जूनमध्ये नऊ वाजून गेले तरी उजेड असतो. डिसेंबरमध्ये मात्र सूर्य चारच्या आधी मावळतो. ‘जेवून निघू’ हा बेत हिवाळ्यात हमखास फसतो. नदीकाठच्या खासगी इमारतींसमोरच्या काही वाटांची फाटकं अंधार पडता पडता बंद होतात, मग रस्त्यावरूनच जावं लागतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दहाच्या आत टॉवर हिल सोडा.

3. भरती-ओहोटीचा तक्ता बघा. समुद्र इथून बराच लांब आहे, तरी टेम्सला इथे भरती येते, आणि चांगलीच येते. उधाणाच्या दिवसांत पाण्याची पातळी 6 ते 7 मीटरने खालीवर होते. मुंबईच्या किनाऱ्यावर वाढलेल्यांनाही हा फरक जास्त वाटेल. वाट स्वतः भिंतीच्या वर आहे, त्यामुळे चालण्यासाठी भरतीची भीती नाही. तक्ता लागतो तो दोन कारणांनी: गोद्यांच्या तोंडावरचे पूल भरतीच्या सुमारास बोटींसाठी उघडतात, आणि घाटाच्या पायऱ्या ओहोटीतही निसरड्या असतात. उन्हाळ्यात एक बारीक चूक होते. तक्ता जीएमटीमध्ये (उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, त्याआधीच्या वेळेत) असेल तर प्रत्येक वेळेत एक तास मिळवायचा असतो, आणि तो मिळवायचा राहून जातो. तक्त्याच्या डोक्यावर काय लिहिलंय ते आधी वाचा.

4. तिकिटासाठी प्रत्येकाचं वेगळं कार्ड. एका कार्डावर दोन मोठ्या माणसांना प्रवास करता येत नाही. भारतातून आणलेलं बँकेचं कार्ड वापरणार असाल, तर परदेशी व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस या दोन्ही सोयी बँकेच्या ॲपमध्ये सुरू केल्या आहेत का ते घरूनच बघा. बहुतेकदा त्या बंद असतात, आणि हे कळतं ते फाटकावर, मागे रांग लागल्यावर. मोठ्यांसोबत असलेल्या 11 वर्षांखालच्या मुलांना ट्यूब (भुयारी रेल्वे) आणि डीएलआर (पूर्व लंडनमधली ‘डॉकलँड्स लाइट रेल्वे’) यांना तिकीट पडत नाही.

5. बूट, पाणी, डबा. वॉपिंगच्या रस्त्याला जागोजागी दगडी फरसबंदी आहे, गोल पाठीचे दगड आणि मधे खाचा. पातळ तळव्याच्या चपला किंवा टाचांचे सँडल तिथे पाय मुरगळवतात. माणशी एक लिटर पाणी घ्या. डब्यात दशम्या-चटणी किंवा पोळीचा रोल असं हातात धरून खाण्यासारखं काही ठेवा, कारण बाकावर बसून रस्सा वाढायला वारा देत नाही. वाऱ्यात छत्री उलटी होते, टोपीचं जॅकेट घ्या.

6. मॅपमध्ये थांबे स्वतः घाला. सर्वांत मोठी चूक इथेच होते. मॅपला नुसतं ‘ग्रेनिच’ सांगितलंत की तो द हायवे किंवा कमर्शियल रोडवर नेऊन सोडतो. म्हणून या क्रमाने थांबे टाका: सेंट कॅथरिन डॉक्स, वॉपिंग हाय स्ट्रीट, वॉपिंग वॉल, नॅरो स्ट्रीट, वेस्टफेरी सर्कस, आयलंड गार्डन्स. आणि कोणाला वाट विचारायची झाली तर उच्चार ‘ग्रेनिच’ असा करा. ‘ग्रीनविच’ म्हटलंत तर समोरचा क्षणभर गोंधळतो.

> एकच नियम लक्षात ठेवा: वेस्टफेरी सर्कसपर्यंत मुख्य नदी तुमच्या उजव्या हाताला हवी. डावीकडे पाणी दिसलं तर ती गोदी किंवा कालवा आहे. उजवीकडे नदी नाही आणि दहा मिनिटं झाली तरी पाण्याचा पत्ता नाही, तर वाट चुकली आहे.

वाटेवरचं दुसरं चिन्ह म्हणजे ओकच्या झाडाचं फळ, एकॉर्न. ‘टेम्स पाथ’च्या पाट्यांवर ते असतं. मात्र वॉपिंगमध्ये पाट्या भिंतींवर, खांबांवर अशा लावल्या आहेत की बोलत चालणाऱ्याच्या नजरेतून सुटतात.

टप्पा 1: टॉवर हिल ते हर्मिटेज (सुमारे 1 किमी)

टॉवर हिल स्टेशनातून बाहेर पडा. समोर टॉवर ऑफ लंडन दिसेल. किल्ल्याला वळसा घालून टॉवर ब्रिजकडे जा आणि पुलावर न चढता पुलाच्या खालून पलीकडे निघा. इथे अनेक जण पुलावर चढतात, नदी ओलांडतात आणि दक्षिण काठाला लागतात. दक्षिण काठही सुंदर आहे, पण ती निराळी वाट. दुसरा नेहमीचा घोळ म्हणजे लंडन ब्रिज स्टेशनला उतरणं. लंडन ब्रिज आणि टॉवर ब्रिज हे दोन वेगळे पूल आहेत, आणि ते स्टेशन पलीकडच्या काठावर आहे.

पुलाखालून आलात की उजवीकडे नदी, समोर मुलगी आणि डॉल्फिनचं कारंजं. तिथून सरळ गेलं की सेंट कॅथरिन डॉक्सचं लॉक लागतं. आत पाणी कायम वर, बाहेर नदी खालीवर, म्हणून मधे दोन दरवाज्यांची पेटी. मुंबईच्या इंदिरा डॉकलाही हीच व्यवस्था आहे. भरतीच्या आसपास बोटी आत-बाहेर करतात, तेव्हा लॉकवरचा पादचारी पूल बंद होतो. घाई नसेल तर थांबून बघा, दहा मिनिटांत पाण्याची पातळी कशी जुळवतात ते दिसतं. घाई असेल तर गोदीच्या आतून वळसा घाला.

लॉकनंतर सेंट कॅथरिन्स वे हा रस्ता धरा. नदी इमारतींमागे जाते, पण घाबरायचं कारण नाही. पाच-सात मिनिटांत हर्मिटेजचं स्मृती-उद्यान लागतं आणि नदी पुन्हा उघडी होते.

तपासा: उद्यानात कबुतराच्या आकाराचं भोक कोरलेलं शिल्प दिसलं का? दिसलं तर वाट बरोबर आहे.

टप्पा 2: हर्मिटेज ते शॅडवेल बेसिन (सुमारे 2 किमी)

इथे दोन पर्याय आहेत आणि निवड आधीच करावी, कारण मधे बदलायला गेलं की गल्ल्यांमध्ये फिरणं होतं.

*नदीकडचा:* वॉपिंग हाय स्ट्रीट. दोन्ही बाजूंना जुनी वखारघरं, वर एकमेकांना जोडणारे लोखंडी पूल, खाली दगडी रस्ता. पायी चालणाऱ्यांसाठी हाच उत्तम.

*आतला:* हर्मिटेज बेसिनपासून टोबॅको डॉकमार्गे शॅडवेल बेसिनला जाणारा शोभेचा कालवा. फरसबंदीचे दगड टळतात, वाहनं नाहीत, वारा कमी. बाबागाडी असेल किंवा कोणाचे गुडघे दुखत असतील तर हा घ्या. वाटेत एखाद-दोन ठिकाणी पायऱ्या आहेत, तेवढी गाडी उचलायची तयारी ठेवा.

हाय स्ट्रीटने गेलात तर ‘टाउन ऑफ रॅम्सगेट’ या पबच्या बाजूला एक बोळ दिसेल, जेमतेम एक माणूस जाईल इतका. त्याच्या टोकाला वॉपिंग ओल्ड स्टेअर्स, म्हणजे थेट नदीत उतरणाऱ्या पायऱ्या. सगळ्यांना तिथे उतरावंसं वाटतं. वरच्या पायऱ्या कोरड्या, करड्या रंगाच्या असतात. मग एका रेषेखाली दगड काळपट हिरवा होतो. ती रेषा म्हणजे भरतीच्या पाण्याची खूण, आणि त्याखालचं हिरवं म्हणजे शेवाळ. पाणी कितीही खाली गेलेलं असो, पायरीचा रंग बदलला की तिथेच थांबायचं. ऊन पडलं म्हणून ते शेवाळ वाळत नाही.

> सावधान: ओहोटीला उघड्या पडलेल्या नदीपात्रात जुन्या वस्तू शोधणं, उचलणं यासाठी पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीचा परवाना लागतो. मातीच्या चिलमीचा तुकडा खिशात टाकणंही त्यात आलं. शिवाय भरती वळली की पाणी भराभर चढतं आणि परतीच्या पायऱ्या लांब राहतात. कोणी पाण्यात पडलं तर मागे उडी मारू नका. 999 लावून ‘कोस्टगार्ड’ मागा.

पुढे वॉपिंग स्टेशन लागतं. जमिनीखालच्या फलाटापर्यंत लिफ्ट नाही, जिने आहेत. ज्यांना इथून परतायचं आहे पण जिने नकोत, त्यांनी 100 क्रमांकाची बस पकडावी. स्टेशननंतर रस्ता डावीकडे वळतो. तिथे उजवीकडचा वॉपिंग वॉल धरा. ‘प्रॉस्पेक्ट ऑफ व्हिटबी’ पब मागे टाकला की थोड्याच अंतरावर लाल रंगाचा उचलता पूल येतो. त्याच्या डावीकडे पसरलेलं पाणी म्हणजे शॅडवेल बेसिन.

उन्हाळ्यात त्या पाण्यात पोरं उड्या मारताना दिसतील. तुमच्या पोरांना मारू देऊ नका. वरचं पाणी कोमट लागलं तरी खाली ते एकदम गार असतं, आणि त्या गारठ्याने पोहणाऱ्याचाही श्वास अडकतो.

टप्पा 3: शॅडवेल बेसिन ते लाइमहाउस (सव्वा किमी)

पुलानंतर लगेच उजवीकडे किंग एडवर्ड मेमोरियल पार्कमध्ये शिरा. इथे लोक रस्त्याने सरळ जातात आणि थेट द हायवेवर निघतात. पार्कात नदीलगत विटांची एक गोल इमारत आहे. तो रोदरहाइथ बोगद्याचा हवेचा झरोका. हा आपला बोगदा नव्हे. तो गाड्यांचा आहे, आत धूर कोंडलेला असतो. चालत ओलांडायचा बोगदा अजून सहा किलोमीटर पुढे आहे.

पार्कातून नदीलगत पुढे गेलं की वाट इमारतींच्या पुढ्यातून नॅरो स्ट्रीटवर येते. एखादं फाटक बंद मिळालं तर मागे फिरून रस्त्याने या, फाटकावरून चढू नका. नॅरो स्ट्रीटवर लाइमहाउस बेसिनच्या तोंडाशी फिरता पूल आहे. बोट असेल तर थांबा.

वाट चुकण्याची नेहमीची जागा हीच. बेसिन मोठं आणि देखणं आहे, कडेने छान वाट आहे, म्हणून पाय आपोआप डावीकडे वळतात. त्या बेसिनमधून रीजंट्स कॅनॉल आणि लाइमहाउस कट असे दोन कालवे निघतात. पहिल्याच्या काठाने गेलात तर माइल एंड, दुसऱ्याने गेलात तर बो. दोन्हीकडे पाणी सोबत असतं, त्यामुळे अर्धा तास कोणाला शंकाही येत नाही. बेसिन बघायला जरूर आत जा, पण परत फिरत्या पुलापाशी या आणि पूर्वेकडे नॅरो स्ट्रीटच धरा.

तपासा: पुलानंतर काही मिनिटांत उजव्या हाताला ‘द ग्रेप्स’ हा अरुंद पब लागला पाहिजे.

इथवर कोणी दमलं असेल तर लाइमहाउसचं डीएलआर स्टेशन जवळ आहे. पुढे वेस्टफेरीपर्यंत दुसरं सोयीचं नाही.

टप्पा 4: लाइमहाउस ते वेस्टफेरी सर्कस (सव्वा किमी)

नॅरो स्ट्रीट संपत आला की उजवीकडे ड्यूक शोरकडे वळून नदीवर या आणि लाइमकिल्न डॉकचा पादचारी पूल ओलांडा. हे वळण हुकलं तर गाड्यांच्या बोगद्यांच्या जंजाळात सापडाल. पुलापलीकडे वाट रुंद, सपाट आणि सरळ आहे. समोर काचेचे मनोरे. पिरॅमिडसारखं टोक असलेला तो वन कॅनडा स्क्वेअर. दिशा ओळखायला तोच वापरा, बाकीचे दहा पावलांवर एकमेकांसारखे दिसतात.

वेस्टफेरी सर्कस दोन मजली आहे, हे कोणी सांगत नाही. वर बगीच्याचा गोल, खाली रस्त्याचा गोल. मॅपवर निळा ठिपका बरोबर जागी असतो आणि तुम्ही चुकीच्या मजल्यावर असता. नदीकडून रुंद जिन्याने वर चढा.

टप्पा 5: कॅनरी वॉर्फ ते आयलंड गार्डन्स (सव्वातीन किमी)

आधी पोटाचं आणि शौचालयाचं बघा, कारण इथे ते सगळ्यांत सोपं आहे. कॅबट प्लेसच्या मॉलमध्ये शौचालयं मोफत आहेत. पाऊस लागला तर उत्तरेला वेस्ट इंडिया की इथल्या जुन्या वखारीत ‘लंडन म्युझियम डॉकलँड्स’ आहे. प्रवेश मोफत, वेळ 10 ते 5. तिथे तासभर सहज जातो, तेवढा वेळ हिशोबात धरा.

अधिकृत टेम्स पाथ इथून आइल ऑफ डॉग्जच्या पश्चिम काठाने जातो. हट्टी लोकांनी तो जरूर करावा, पण त्यात मिलवॉलच्या भागात वाट पुन्हा पुन्हा वेस्टफेरी रोडवर फेकली जाते आणि बघायला फ्लॅटांच्या भिंती मिळतात. गोद्या बघायच्या असतील तर आतली वाट घ्या:

1. वेस्टफेरी सर्कसवरून वेस्ट इंडिया ॲव्हेन्यूने कॅबट स्क्वेअर.
2. तिथून दक्षिणेला हेरॉन कीज, आणि साउथ डॉकवरचा वळणदार पादचारी पूल.
3. मार्श वॉल रस्ता ओलांडून मिलवॉल इनर डॉकच्या काठाने दक्षिणेकडे. इथे सतत बांधकामं चालतात. एक काठ बंद असेल तर दुसरा धरा.
4. डचांच्या पुलासारखा दुहेरी उचलता ग्लेनगॉल पूल. त्याच्यापाशी पूर्वेला, क्रॉसहार्बरकडे.
5. ईस्ट फेरी रोडवरून मडशूट पार्कमध्ये. मेंढ्या-बकऱ्या दिसल्या की दचकू नका, ते खरंच शेत आहे. लहान मुलं असतील तर इथे अर्धा तास गेलाच.
6. मिलवॉल पार्क ओलांडून आयलंड गार्डन्स.

> सावधान: या टप्प्यावर ‘नदी उजवीकडे’ हा नियम चालत नाही. इथे दक्षिण धरून ठेवा आणि डीएलआरचा रूळ सोबत आहे का ते बघा. हेरॉन कीजपासून तो जवळपास तुमच्याच दिशेने जातो. कॅनरी वॉर्फच्या उंच इमारतींत फोनचं जीपीएस भरकटतं. तिथे फोन खिशात ठेवून पाट्या वाचा.

पाय थकले असतील तर क्रॉसहार्बर, मडशूट आणि आयलंड गार्डन्स ही तिन्ही स्टेशनं वाटेतच आहेत. पश्चिम काठ घेतलेल्यांसाठी वेस्टफेरी रोडवर डी7 बस आहे.

टप्पा 6: नदीखालून ग्रेनिच

आयलंड गार्डन्स बागेच्या टोकाला काचेच्या घुमटाची, लाल विटांची गोल इमारत आहे. तेच बोगद्याचं तोंड. 1902 साली उघडलेला हा बोगदा सुमारे 370 मीटर लांब आहे आणि चोवीस तास खुला असतो. त्याला तिकीट नाही. दोन्ही टोकांना लिफ्ट आहे, शिवाय शंभराच्या आसपास पायऱ्यांचा गोल जिना.

लिफ्ट बंद असणं इथे नवलाचं नाही, आणि एका टोकाची चालू असून दुसऱ्या टोकाची बंद असू शकते. बाबागाडी किंवा व्हीलचेअर असेल तर निघण्याआधी दोन्ही लिफ्टची स्थिती ऑनलाइन बघा. बंद असेल तर आयलंड गार्डन्सला डीएलआर पकडा, नदीपलीकडे कटी सार्क हे पुढचंच स्टेशन आणि त्यापुढचं ग्रेनिच. कटी सार्क दुरुस्तीसाठी बंद असेल तर गाडी तिथे थांबत नाही, ग्रेनिचला उतरून दहा मिनिटं चाला.

आत पांढऱ्या टाइल्स, ओलसर गारवा, मधोमध उतार आणि मग चढ. उत्तरेकडच्या टोकाला थोड्या अंतरापर्यंत बोगदा एकदम अरुंद होतो. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने झालेलं नुकसान आतून पोलादी अस्तर घालून दुरुस्त केलं, त्याचा तो परिणाम. तिथे समोरून येणाऱ्यांना वाट देत एका रांगेत चाला. सायकल चालवायला मनाई आहे, तरी चालवणारे भेटतात, म्हणून मुलांचा हात धरा.

परत येताना

ग्रेनिचहून दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे डीएलआर. डीएलआरच्या अनेक स्टेशनांवर फाटकंच नाहीत, म्हणून लोक कार्ड टेकवायला विसरतात आणि जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. चढताना टेकवा, उतरताना टेकवा. सकाळी फोन टेकवला असेल तर दिवसभर फोनच. तोच बँक खात्याचा फोन आणि प्लास्टिकचं कार्ड, या दोन गोष्टी यंत्राला वेगळ्या वाटतात आणि दोन अर्धवट प्रवासांचे पैसे जातात.

दुसरा मार्ग म्हणजे ग्रेनिच धक्क्यावरून टॉवरपर्यंत बोट. जी नदी दिवसभर उजवीकडे ठेवली ती आता मधून बघायला मिळते, आणि वॉपिंगच्या पायऱ्या पाण्याच्या बाजूने दिसतात. पैसे त्याच कार्डाने देता येतात, पण बोटीचं भाडं ट्यूब-डीएलआरच्या दिवसाच्या कमाल भाड्यात धरत नाहीत, वेगळं पडतं. सुटीच्या दिवशी संध्याकाळी रांग मोठी असते. शेवटच्या बोटीवर विसंबू नका, तिच्या आधीची पकडा. आणि टॉवरला उतरताना धक्क्यावर पुन्हा कार्ड टेकवा.